गोळी तीच, मग बाबांनाच धाप का?

प्रश्न : माझे बाबा आर्वीकडे जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, कामाला होते. दम्याचा पंप जुनाच. हार्ट अटॅकनंतर मेटोप्रोलॉल ही हृदयाची गोळी लागली, तेव्हापासून छातीत शिट्या वाजतात, नाडी ५० च्या खाली. शेजारच्या काकांना तीच गोळी, तेवढ्याच पॉवरची, काहीच होत नाही. असं कसं बुवा?

उत्तर : काकांचं यकृत वेगळं, बाबांचं वेगळं. मेटोप्रोलॉल मोडतं ते मुख्यतः यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम. काहींच्या जनुकांमुळे ते जवळजवळ बंदच असतं. मग तेवढ्याच डोसने रक्तात औषध कितीतरी पट चढतं. ही गोळी एरवी हृदयातल्या बीटा-१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुलपासारख्या जागेवर, बसते. फार साचली की श्वासनलिकांतल्या बीटा-२ लाही धरते, आणि पंपातलं श्वासनलिका उघडणारं साल्ब्युटामॉल तिथेच बसत असल्याने त्याचीच वाट अडवते.

बाबांचं हेच झालं, असं पत्रावरून सांगता येणार नाही. नैराश्याची फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन सुरू असली तरी तेच एन्झाइम अडतं आणि असंच होतं, म्हणून घरातल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून आजच डॉक्टरांकडे न्या. जनुक तपासणीसाठी नागपूरला धावायची घाई नको. बिसोप्रोलॉल ही त्याच जातीची गोळी या एन्झाइमवर अवलंबून नाही, तिच्याबद्दल विचारा. मात्र मेटोप्रोलॉल आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने पुन्हा अटॅक येऊ शकतो.