शाळेत काय झालं? काही नाही.

मी मुलांची समुपदेशक. जून उजाडला की माझ्याकडे एकच तक्रार रांग लावून येते. "मॅडम, पोरगं शाळेतलं काहीच सांगत नाही हो. काय झालं विचारलं की काही नाही. डबा खाल्ला का, हो. खेळलास का, हो. संपलं." यावर्षी शाळा सुरू झाल्यापासून नवव्यांदा ऐकलं तेव्हा ठरवलं की एकदा लिहूनच काढू, म्हणजे पुढच्या आईला निदान वाचायला तरी देता येईल.

ही केस जुनी आहे, घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलगा सहावीत, मराठी माध्यम, आपण त्याला बंड्या म्हणू. आई पतसंस्थेत कॅशला, बाबा फिरतीवर. आई पहिल्या दिवशी वहीत मुद्दे काढून आली होती. मला अशा आया आवडतात खरं तर, पण वही बघूनच अंदाज आला की घरी रोज संध्याकाळी काय चालत असेल. कॅश टॅली.

मी विचारलं, "तुम्ही काल दिवसभर ऑफिसात काय केलंत?"

"काही विशेष नाही, रोजचंच."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि हसल्या. पण लगेच म्हणाल्या, "माझं वेगळं मॅडम, तो लहान आहे, त्यानं मला सगळं सांगितलंच पाहिजे." या 'पाहिजे'च्या आधीच्या 'च'वर माझं सगळं दुकान चालतं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या घराण्यातली, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं काम करणारी, त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली गोष्ट मला अजून रोज उपयोगी पडते, की माणसाला त्रास घटनेपेक्षा त्या घटनेभोवती आपण जो हट्ट गुंडाळतो त्याचा जास्त होतो. मुलानं सांगावं असं वाटणं ही इच्छा झाली, छान आहे. सांगितलंच पाहिजे म्हटलं की तो वसुलीचा तगादा होतो, आणि पोरांना तगाद्याचा वास लांबूनच येतो.

बरं, हिशोब करा. सहावी ते आठवीला कायद्यानं वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे २२० संध्याकाळी दारात चप्पल काढता काढता तोच प्रश्न. परिपाठ, प्रतिज्ञा, गणित, विज्ञान, मधली सुट्टी, इतिहास, पीटी, घंटा. यात 'झालं' काय? रोज होतं ते 'झालं' या खात्यात जातच नाही. रॉबिन फायवुश या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ साली यावर काम केलंय, बालवाडीतली लहान पोरंसुद्धा शाळेबद्दल विचारलं की 'आज असं झालं' असं न सांगता 'शाळेत असं असतं' असं सांगतात. आपला बंड्या तर सहावीतला, मुरलेला.

पण आईला हे सांगून घरी पाठवावं इतकं सोपं मलाही वाटेना, कारण मुलगा माझ्यासमोरही दोन बैठका नुसता बसून होता. आणि इथे मी चूक केली. मला वाटलं नक्की कुणीतरी त्रास देतंय. तिसऱ्या वेळी सरळ विचारलं, शाळेत कुणी मारतं का, चिडवतं का. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की झालं, ही पण त्यातलीच. नाही म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. विचारणं चूक नव्हतं, इतक्या लवकर आणि इतक्या पोलिसी आवाजात विचारणं चूक होतं. आई तरी दुसरं काय करत होती?

चौथ्या वेळी मी ठरवून काहीच विचारलं नाही. फाइल लिहीत बसले. टेबलावर एक जाडसर पुस्तक पडलेलं, ते त्यानं ओढलं आणि उघडायचं, बंद करायचं, उघडायचं, बंद करायचं असं सुरू केलं. मला आधी वाटलं कंटाळलाय. मग पुटपुटणं ऐकू आलं. "चार... दोन... सहा... हॅट."

पंधरा वर्षं पोरांसमोर बसून कान तयार होतात, दुसरं काही नाही. मी मान वर न करता विचारलं, "आऊट का?"

तो थांबला. "तुम्हाला येतं?"

"आमच्या वेळी पण होतं. शून्य आलं की आऊट. आठचं काय करता तुमच्यात?"

"आठ डेड. रन नाही, परत उघडायचं."

मग जे सुरू झालं ते पाऊण तास. ऑफ तासाला मागच्या बाकावर बुक क्रिकेट असतं, म्हणजे पुस्तक उघडायचं आणि पान नंबरचा शेवटचा आकडा तेवढे रन, त्याला इतिहासाचंच पुस्तक लागतं कारण गणिताचं उघडून उघडून सुटलंय. (घरी पुस्तक फाटलं म्हणून जो राडा झाला होता त्याचं मूळ मला इथे कळलं, आईच्या वहीत तो मुद्दा क्रमांक ४ होता.) हडप्पाच्या धड्याशी पुस्तक वाकलंय त्यामुळे ते तिथेच उघडतं, मग टीचर्सच्या टेबलावर दाबून सरळ केलं तरच ते पुस्तक चालतं, नाहीतर चीटिंग. मधल्या सुट्टीत बाहेर खरं क्रिकेट, परीक्षेचं पॅड ही बॅट, वन टप्पा आऊट, भिंतीला डायरेक्ट लागला तर दोन, कौलावर गेला तर आऊट आणि बॉल पण त्यानंच आणायचा. हा कॉमन, म्हणजे दोन्ही टीमकडून खेळतो. मी जरा सावध झाले, मला लगेच लिंबूटिंबू आठवलं, बिचाऱ्याला कुणी घेत नसेल. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "कॉमनला दोनदा बॅटिंग येते, त्याच्यासाठी भांडणं होतात." घ्या. माझ्या दयेला काही कामच उरलं नाही.

आणि मग आवाज खाली आणून त्यानं मला त्याचं खरं गुपित दिलं. "मॅडम, सगळे डावं पान बघतात. डाव्या पानावर कायम सम आकडा असतो. म्हणून एक रन, तीन रन कधी होतच नाही. आणि शून्य पण डावीकडेच येतं. उजवं पान धरलं ना, तर माणूस आऊटच होत नाही."

मी पुस्तक उघडून बघितलं. खरंच की. एवढी वर्षं पुस्तकं वाचतेय, मला हे कधी दिसलं नव्हतं.

"वर्गात सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर गेमच संपेल."

मी पेन खाली ठेवलं. हा मुलगा मुका नव्हता, लाजाळू नव्हता, काही लपवतही नव्हता, सांगितल्यावर पुढे काय होतं याचा विचार करणारा मुलगा होता हा. मग मी तोच धागा धरला. "घरी सांगितलं की काय होतं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "घरी सांगितलं की काहीतरी होतं." चौथीत असताना बॉल तोंडाला लागला होता, ओठ सुजला. आईला सांगितलं. आईनं रात्रीच बाईंना फोन केला, पालकांच्या ग्रुपवर पण टाकलं, दुसऱ्या दिवशी खेळ बंद, आणि पुढं दिवाळीपर्यंत पोरं म्हणायची, जा मम्मीला सांग. "काही नाही म्हटलं की काही होत नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी घरी जाऊन डायरीत लिहिलं. मी आणि त्याची आई इतके दिवस 'काही नाही' हे उत्तर समजत होतो. ती कडी होती, आतून लावलेली. आणि लावायला कारण होतं.

त्याच्या परवानगीनं मी आईला एवढंच सांगितलं की चौथीतला फोन आठवा. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, "मी तर त्याच्यासाठीच केलं होतं." अर्थात त्याच्यासाठीच. पण मुलानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे आपल्याला आलेला अर्ज नसतो की ज्यावर कारवाई व्हायलाच हवी. आधी विचारा, "मी यात काही करू का, का नुसतं ऐकू?" दहातल्या आठ वेळा पोरं म्हणतात नुसतं ऐक. नंतर स्वयंपाकघरातून फोन लावताना पकडले गेलात तर मात्र सगळं मुसळ केरात.

बाकी मी सगळ्या आयांना सांगते ते असं, की शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास खायला द्या आणि प्रश्न देऊ नका. मग विचारायचंच असेल तर अख्ख्या दिवसाबद्दल विचारू नका, एवढं मोठं तोंडात मावत नाही. बॅटिंग कुणाची राहिली, खिचडीत आज काय होतं, कुणाचं पॅड तुटलं, असलं विचारा आणि उत्तराला मार्क देऊ नका. 'आणि मग अभ्यास कधी केलास' हे वाक्य जोडलंत की कडी परत लागली. त्याआधी स्वतःचं सांगा, कॅशला आज शंभर रुपये कमी आले आणि मला घाम फुटला, हे मुलाला सांगितलं तर त्याला कळतं की या घरात फजिती सांगायला चालते. आणि समोरासमोर बसवून नको, भाजी निवडताना, गाडीवर मागे बसलेला असताना, जिथे डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत तिथे पोरं सुटतात.

पण प्रत्येक 'काही नाही' बंड्याचं नसतं, हेही लिहायला हवं. बोलकं पोर एकाएकी गप्प झालं, रविवारी रात्री पोट दुखायला लागलं, वस्तू हरवायला लागल्या, अंगावर खुणा दिसल्या, आवडता खेळ सोडला, तर वाट बघत बसू नका. शाळेत जा, समुपदेशकाकडे या, गरज पडली तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास असते. तिथे मी सांगितलेलं 'नुसतं ऐका' लागू नाही.

बंड्याच्या घरी लगेच जादू झाली नाही, दोन आठवडे आई रोज मला मेसेज करायच्या की अजून काही नाही. मी म्हणायचे, तुम्ही तुमचं सांगितलंत का. एकदा त्यांनी पतसंस्थेतलं जुनं लेजर घरी आलेलं असताना त्याच्याशी बुक क्रिकेट खेळलं, पहिल्याच पानाला शून्यावर आऊट झाल्या. त्यानं उजव्या पानाचं त्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

ऑगस्टमध्ये त्यांचा शेवटचा मेसेज आला तो असा: "आल्यावर काही नाही म्हणाला. मी पण काही नाही म्हटलं. जेवताना आपणहून सांगितलं की बॉल कौलावर गेलाय आणि शिपाईकाका शिडी देत नाहीत. मी शाळेत फोन केला नाही. करावासा वाटला पण."