इतर मालकांचे अनुभव आपल्या तक्रारीचा पुरावा होऊ शकतात का?

प्रश्न थोडक्यात असा. एका वाचक भगिनींनी घरातील जुन्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्यासाठी वापरलेला व्हीसीआर विकत घेतला. खरेदीपूर्वी त्यांनी त्या मॉडेलच्या अनेक मालकांचे अनुभव वाचले होते आणि ते चांगले वाटल्यामुळेच त्यांनी हे मॉडेल निवडले. जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणे हाच विक्रेत्याचा व्यवसाय आहे. त्याने बिलावर 'पूर्ण सर्व्हिसिंग केलेले, रबराचे भाग बदललेले, सहा महिने गॅरंटी' असे लिहून दिले. तिसऱ्या महिन्यात यंत्राने एका कॅसेटची फीत आत ओढून चुरगाळली. विक्रेत्याने यंत्र नेले आणि दुरुस्त करून परत दिले, परंतु पंधरा दिवसांतच पुन्हा तेच घडले, आणि या वेळी दिवंगत आईचे चित्रीकरण असलेली कॅसेट आत अडकली. आता यंत्र कॅसेटसह विक्रेत्याकडे आहे. 'या मॉडेलला हा त्रास असतोच, ते वापरणाऱ्या सर्वांना माहीत आहे', असा संदेश त्याने पाठवला आहे. शिवाय 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या बिलावरील छापील ओळीकडे तो बोट दाखवतो, यंत्र उघडण्याचे पैसे मागतो आणि याबद्दल कुठे लिहिल्यास अब्रुनुकसानीचा दावा करण्याची धमकी देतो. भगिनींनी त्यानंतर शोध घेतला असता त्याच दोषाबद्दल लिहिणारे आणखी बरेच मालक त्यांना सापडले. हे अनुभव पुरावा ठरतील का, पैसे व फितीची भरपाई मिळेल का, आणि स्वतःचा अनुभव लिहिता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आपले पत्र आणि सोबतची बिलाची प्रत मी लक्षपूर्वक वाचली. इतर मालकांच्या लेखनाचे जे कागद आपण जोडले आहेत, त्यांवर आपली भिस्त फार आहे असे दिसते, म्हणून प्रथम त्याविषयीच स्पष्ट सांगतो. त्या कागदांवरून आपल्या घरातील यंत्र सदोष होते हे सिद्ध होत नाही. ग्राहक आयोगासमोरील वाद आपल्या एका यंत्राचा आहे. लिहिणारी माणसे आयोगासमोर नाहीत, त्यांची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्यांची यंत्रे किती वापरली गेली होती आणि कोणी दुरुस्त केली होती हे कोणालाच ठाऊक नाही. ज्याचे यंत्र बिघडते तो लिहितो आणि ज्याचे वर्षानुवर्षे निमूटपणे चालते तो सहसा लिहीत नाही, हा आक्षेप समोरचा वकील पहिल्याच तारखेला घेईल, आणि तो आक्षेप चुकीचा असणार नाही.

तरीही ते कागद फेकून देऊ नका. त्यांचा उपयोग दोष सिद्ध करण्यासाठी नसला तरी विक्रेत्याला काय माहीत होते हे दाखवण्यासाठी आहे, आणि तेथे त्याने स्वतःच आपले काम सोपे करून ठेवले आहे. 'या मॉडेलला हा त्रास असतोच' हा संदेश त्याच्या दृष्टीने बचाव असेल, पण कायद्याच्या दृष्टीने ती कबुली आहे. दोष नेहमीचा आहे हे माहीत असताना त्याने सहा महिन्यांची गॅरंटी लिहून दिली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात वस्तूच्या कामगिरीची किंवा आयुष्याची गॅरंटी पुरेशा व योग्य चाचणीशिवाय देणे याचाही समावेश आहे, आणि अशी चाचणी केली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने गॅरंटी देणाऱ्यावरच टाकली आहे. म्हणून आपण किती मालकांचे अनुभव गोळा केले यापेक्षा गॅरंटी देण्यापूर्वी त्याने यंत्रावर किती तास फीत चालवून पाहिली, हा प्रश्न अधिक वजनाचा आहे. नोटिशीत तो प्रश्न याच शब्दांत विचारा.

बिघाडाचे स्वरूप समजून घेतल्यास बिलावरील शब्दांचे महत्त्व आपल्या लक्षात येईल. व्हीसीआरमध्ये फीत कॅसेटमधून बाहेर ओढून फिरत्या हेड-ड्रमभोवती गुंडाळली जाते, कॅपस्टनचा दांडा आणि रबरी पिंच रोलर तिला ठरावीक वेगाने पुढे सरकवतात, आणि पुढे आलेली फीत दुसऱ्या चाकाने त्याच वेळी गुंडाळून घ्यावी लागते. अनेक जुन्या यंत्रांत त्या चाकाला गती देणारा भाग रबरी कडीचा किंवा पट्ट्याचा असतो. वयोमानाने रबर कडक व गुळगुळीत होते, चाक घसरते किंवा थांबते, परंतु कॅपस्टन फीत पुढे ढकलतच राहतो. साचलेली फीत यंत्राच्या आत वेटोळी होते आणि कॅसेट बाहेर काढताना चुरगाळते. फितीची खालची कड चुरगाळली तर तेथील, फितीचा वेग जुळवणारी नियंत्रण-पट्टी बिघडून चित्र डळमळते, आणि वरची कड गेली तर तेथे नोंदलेला साधा ध्वनी जातो. दोष खरोखर रबराचा निघाला, तर 'रबराचे भाग बदललेले' हे बिलावरील विधान एक तर असत्य आहे किंवा काम निकृष्ट झाले आहे. व्यापाऱ्याने स्वतः सांगितलेल्या दर्जात उणीव असणे म्हणजेच अधिनियमातील कलम २(१०) नुसार वस्तूतील 'दोष' होय. यंत्र वापरलेले होते म्हणून हे संरक्षण जात नाही. यंत्राच्या वयामुळे अपेक्षा कमी धरली जाईल, परंतु जे लिहून दिले त्यापेक्षा ती कमी होणार नाही.

विक्रेत्याकडे एक खरा बचाव मात्र आहे आणि त्याची तयारी आपण आधीच करावी. तो म्हणेल की दोष यंत्रात नसून कॅसेटमध्ये होता. जुन्या कॅसेटींना बुरशी लागते, फितीवरील चुंबकीय लेप सुटून हेडवर बसतो, चाके आतच अडकतात, आणि अशी कॅसेट चांगल्या यंत्रातही अडकू शकते. दोन वेगवेगळ्या कॅसेटींच्या बाबतीत तोच प्रकार घडला, ही गोष्ट आपल्या बाजूने आहे. पहिली चुरगाळलेली कॅसेट आहे त्या अवस्थेत जपून ठेवा, तिची फीत स्वतः सरळ करू नका. मधल्या काळात कोणत्या कॅसेटी सुरळीत चालल्या आणि त्यांपासून कोणत्या तारखेला संगणकावर नोंदी तयार झाल्या, हे त्या फायलींच्या तारखांवरून दाखवता येईल. यंत्र परत मिळालेच, तर प्रयोगासाठी घरातील आणखी कोणतीही मौल्यवान कॅसेट त्यात घालू नका.

तज्ज्ञाच्या मताशिवाय मात्र हा दावा लंगडा राहील. वस्तूतील दोष योग्य तपासणीविना ठरवता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला कलम ३८ ने दिला आहे, परंतु व्हीसीआरची तपासणी करणारी प्रयोगशाळा सहज मिळणार नाही. निर्मितीत शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. म्हणून ही यंत्रे दीर्घकाळ दुरुस्त करणारा, विक्रेत्याशी संबंध नसलेला कारागीर शोधा, दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत यंत्र उघडून घ्या, झाकण काढण्यापासून शेवटपर्यंत चित्रीकरण करा आणि त्या कारागिराचे निरीक्षण प्रतिज्ञापत्रावर घ्या. आयोगासमोरील कामकाज प्रामुख्याने प्रतिज्ञापत्रे व कागदपत्रे यांवरच चालते. आपल्याला सापडलेल्या मालकांपैकी ज्याने याच विक्रेत्याकडून यंत्र घेतले आणि ज्याला हाच अनुभव आला असा एक जण जरी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाला, तरी त्याचे मोल निनावी अनुभवांच्या गठ्ठ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

आपल्या पत्रातील एक वाक्य मला खटकले, कारण विरुद्ध पक्ष त्याचा उपयोग करील. 'मी इतर मालकांचे अनुभव वाचून हेच मॉडेल मागितले', असे आपण लिहिले आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार खरेदीदाराने आपला हेतू विक्रेत्याला सांगितला असेल आणि त्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या हेतूस योग्य असावा ही अट करारात गृहीत धरली जाते. परंतु विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली असेल तर त्या अटीला अपवाद आहे. आपण विक्रेत्यावर नव्हे तर अनोळखी मालकांवर विसंबलात, असा युक्तिवाद तो करील. त्यावर उत्तर असे की मॉडेलची निवड आपली होती, पण त्या विशिष्ट यंत्राच्या स्थितीविषयी आपण केवळ त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवला. दुसऱ्या मालकांनी आपल्याला त्याच्या सर्व्हिसिंगची हमी दिली नव्हती. तक्रारीत हा फरक स्वच्छ शब्दांत मांडा, आणि मुख्य आधार बिलावरील लेखी गॅरंटीचाच ठेवा.

छापील ओळीने आपण घाबरून जाऊ नये. सदोष माल परत घेण्यास व पैसे देण्यास बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच आहे. हाताने लिहिलेली गॅरंटी आणि सरसकट छापलेली ओळ एकाच कागदावर असताना विशेषतः आपल्यासाठी लिहिलेल्या शब्दांना अधिक वजन मिळावे, असे माझे मत आहे.

आता अडकलेल्या कॅसेटविषयी. माझ्या दृष्टीने हे काम सर्वांत आधी व्हायला हवे, कारण पैसे वर्षभराने मिळाले तरी चालतील, फीत मात्र आतल्या आत ताणून राहू नये. विक्रेत्याकडे ठेवलेली वस्तू हा भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या अर्थाने निक्षेप, म्हणजे विशिष्ट कामासाठी सोपवलेली आणि परत करायची वस्तू आहे, आणि साधारण सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे कलम १५१ नुसार त्याच्यावर बंधनकारक आहे. श्रम वा कौशल्य खर्च करून ज्या वस्तूवर काम केले ती वस्तू मोबदला मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० देते, हे खरे. पण गॅरंटीच्या मुदतीतील दुरुस्तीचा मोबदला देय होत नाही, आणि कॅसेटवर तर त्याने काही कामच केलेले नाही. म्हणून यंत्राचा वाद कायम ठेवूनही कॅसेट अडवण्याचा हक्क त्याला नाही, असे लेखी कळवा. जबरदस्तीने 'इजेक्ट' न करता झाकण उघडून फीत हाताने मोकळी करावी आणि ते आपल्या समक्ष व्हावे, अशी मागणी करा. त्याने पैशांवर अडून बसून कॅसेट देण्यास नकार दिला, तर 'हक्क राखून' असे लिहून ती रक्कम भरणे आणि पुढे वसूल करणे हा मार्ग मी स्वतः पत्करीन.

भरपाईबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. यंत्राची किंमत व्याजासह परत मिळणे किंवा दोष दूर करून मिळणे कलम ३९ नुसार शक्य आहे. फितीबाबत मोजता येईल असा आकडा मागा: चुरगाळलेला भाग सरळ करणे, तुटली असल्यास जोडणे, नव्या कवचात बसवणे आणि तज्ज्ञाकडून संगणकावर उतरवून घेणे, याचे लेखी अंदाजपत्रक घ्या. करार अधिनियमाचे कलम ७३ करार करताना दोन्ही पक्षांना ज्याची कल्पना होती त्या नुकसानीचीही भरपाई देते, म्हणून कौटुंबिक कॅसेटींसाठीच यंत्र हवे आहे हे आपण खरेदीपूर्वी त्याला कळवले होते, हा संदेश फार महत्त्वाचा ठरतो. मानसिक त्रासाबद्दल आयोग काही रक्कम देऊ शकतो, पण आईच्या आवाजाची किंमत ठरवण्याचे माप कोणत्याही न्यायासनाकडे नाही, आणि मिळणारी रक्कम आपल्याला अपुरीच वाटेल. दावा सदोष वस्तू व अनुचित प्रथा यांवर उभारा, अधिनियमातील उत्पादन-दायित्वाच्या, म्हणजे सदोष उत्पादनाने झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या प्रकरणावर नको. त्या प्रकरणातील 'हानी'च्या व्याख्येतून गॅरंटीभंगामुळे झालेले मालमत्तेचे नुकसान वगळलेले आहे, आणि त्या वाटेने गेल्यास निष्कारण वाद वाढेल. मूळ उत्पादक कंपनीलाही यात ओढू नका, तिचा आणि आपला काहीच व्यवहार झालेला नाही.

एक खुलासा मात्र मला हवा आहे. आपण शेजाऱ्यांच्या वा परिचितांच्या कॅसेटी मोबदला घेऊन उतरवून देत होता काय? तसे असल्यास यंत्र व्यापारी हेतूसाठी घेतले होते, असा आक्षेप येईल. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेल्या स्वयंरोजगाराला कायद्याने सूट दिली आहे, पण ती मागावी लागते, म्हणून हे माझ्यापासून लपवू नका.

स्वतःचा अनुभव आपण लिहू शकता. भारतीय न्याय संहितेच्या अब्रुनुकसानीविषयीच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी केलेल्या सत्य विधानाला, तसेच स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला अपवाद दिले आहेत. तारखा, बिलावरील शब्द आणि घडलेल्या गोष्टी लिहा. 'फसव्या', 'चोर' असे शब्द किंवा त्याने हे मुद्दाम केले असा तर्क लिहू नका, कारण पहिल्या गोष्टी आपण सिद्ध करू शकता आणि दुसऱ्या नाही. तरीही माझा सल्ला असा की कॅसेट हाती येईपर्यंत थांबावे.

तक्रार तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण जेथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाखल करता येते. विक्रेत्याचे सर्व संदेश मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका. ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींचे प्रमाणपत्र जोडावे लागेल, त्याचा मसुदा मी करून देईन. नोटीस या आठवड्यात पाठवा, आणि तिच्यातील पहिली मागणी पैशांची नव्हे, कॅसेटची असू द्या.