बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ आणि माकडहाडावर जखम

प्रश्न: वडील ७६ वर्षांचे, मधुमेही. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरातल्या १२ खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, १४ दिवस तिथे होते. रात्री संपूर्ण मजल्यावर एक मावशी. कूस बदलायला सांगितलं की ‘तुमचं माणूस ठेवा’ असं उत्तर. घरी आणल्यावर माकडहाडापाशी बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) दिसला, तो आता हाडापर्यंत गेला आहे. आठ महिने ड्रेसिंग चालू आहे. डिस्चार्ज कार्डाशिवाय एकही कागद देत नाहीत. दाखल करताना ‘काही झाल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही’ यावर माझी सही घेतली होती. मेहुणे म्हणतात, चार माणसं घेऊन जाऊ. काय करावं?

उत्तर: आधी मेहुण्यांना थांबवा. रुग्णालयात हाणामारी किंवा मोडतोड केली तर महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा लागतो. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. आज अन्याय तुमच्यावर झाला आहे; त्या एका दुपारी तुम्हीच आरोपी व्हाल.

त्या सहीचं ओझं मनातून काढून टाका. ऑपरेशनातले धोके तुम्ही मान्य केलेत, निष्काळजीपणा मान्य केलेला नाही. तसं कोणी लिहून घेतलं तरी ते टिकत नाही.

आता मुख्य गोष्ट. बेडसोर झाला एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. मधुमेही, अशक्त, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चांगली काळजी घेऊनही तो कधीकधी होतो, आणि समोरचा वकील पहिल्याच दिवशी हेच म्हणेल. ग्राहक आयोग विचारेल ते वेगळं: साधारण काळजी घेणारं कुठलंही नर्सिंग होम जे करतं, ते इथे केलं का? म्हणजे दर दोन-तीन तासांनी कूस बदलली का, हवेची गादी दिली का, पाठ रोज पाहिली का, लाली दिसल्यावर डॉक्टरांना कळवलं का. हे सगळं नर्सेस नोट्समध्ये, म्हणजे नर्सने ठेवलेल्या नोंदींत, वेळेसकट असायला हवं. नसेल, तर ती रिकामी पानंच तुमच्या बाजूने बोलतील. म्हणून भांडण नंतर, कागद आधी.

संपूर्ण केस पेपरची प्रत मागणारा लेखी अर्ज वडिलांच्या सहीने द्या, पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. नर्सेस नोट्स, औषधांचा चार्ट, ऑपरेशनची नोंद हे शब्द अर्जात स्पष्ट लिहा. २००२ च्या वैद्यकीय आचार नियमांप्रमाणे मागणीपासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि तीन वर्षं जपाव्या लागतात. रुग्णाला कागद नाकारता येत नाहीत हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे. तरीही दिले नाहीत तर डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करा.

दुसरा अर्ज माहिती अधिकाराखाली महापालिकेच्या आरोग्य विभागाला. या नर्सिंग होमच्या नोंदणीत खाटा किती आणि पात्र नर्स किती दाखवल्या आहेत, एवढंच विचारा. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा पात्र नर्सचं योग्य प्रमाण मागतो. ते नसेल तर नोंदणी नाकारता येते. कागदावर चार सिस्टर आणि रात्री मजल्यावर एक मावशी, असं निघालं तर तुमची केस तिथेच उभी राहते.

आणि ते बिल पुन्हा काढून बघा. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत ‘नर्सिंग चार्जेस रु. ९०० × १४’ अशी ओळ आहे. मला तुमच्या सगळ्या कागदांत ही ओळ सर्वांत मोलाची वाटते. ज्या सेवेचे १२,६०० रुपये घेतले तीच सेवा ‘तुमचं माणूस ठेवा’ म्हणून नाकारली, ही ग्राहक कायद्याच्या भाषेत सरळ सेवेतली त्रुटी आहे. नर्सच्या चुकीची भरपाई रुग्णालयाने द्यायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज प्रकरणात ठरवलं.

पोलिसांत जाण्याचा आग्रह मी धरणार नाही. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर स्वतंत्र वैद्यकीय मताशिवाय पोलीस सहसा पुढे जात नाहीत. तुमची खरी जागा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तक्रारदार वडील, तुम्ही त्यांचं अधिकारपत्र घेऊन उभे राहा. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, त्यातले आठ महिने गेले.

ड्रेसिंग करणाऱ्या सर्जनना एक विनंती करा: पहिल्या दिवशी जखम किती लांब, किती खोल होती, आणि अशी जखम व्हायला साधारण किती दिवस लागतात, हे लिहून द्या. डिस्चार्जच्या आठवड्यात काढलेले फोटो ज्या फोनमध्ये आहेत, तो फोन विकू नका, बदलू नका. ड्रेसिंगची पावती रोज जपा. भरपाईचा आकडा त्यातूनच बनेल. आणि वडिलांचं म्हणणं आत्ताच, त्यांना सगळं स्पष्ट आठवतंय तोवर, त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांची सही घ्या.