नेदरलँड्समध्ये विद्यार्थी विम्यावर सरकारी आरोग्य भत्ता मिळतो का?

तुम्ही विचारलंय की मास्टर्ससाठी नेदरलँड्सला आलोय, निघतानाच विद्यार्थी विमा काढलाय, तर त्यावर झॉर्खटूस्लाख (इथला आरोग्य भत्ता) मिळेल का.

त्या विम्यावर नाही मिळणार. हा भत्ता डच बेसिक विम्याचा हप्ता भरणाऱ्यांसाठी आहे, आणि विद्यार्थी विमा कितीही चांगला असला तरी तो खाजगीच धरतात. नुसतं शिकायला आलेल्याला तो डच विमा काढताही येत नाही.

खरी मेख आहे पार्टटाइम नोकरीत. पगार सुरू झाला, अगदी आठवड्याला चार तासांचा का असेना, की बेसिक विमा सक्तीचा होतो. मी ग्रंथालयात संध्याकाळची कामं धरली आणि 'आपला विमा आहेच की' म्हणून निवांत राहिलो. चार महिन्यांत विमा काढला तर तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो (हप्तेही तिथपासूनचे भरावे लागतात). मला जाग आली सहाव्या महिन्यात. मग विमा काढल्या दिवसापासूनच सुरू झाला आणि मधल्या महिन्यांचा भत्ता बुडाला तो बुडालाच.

भत्त्याच्या बाकीच्या अटी विद्यार्थ्याला जड नाहीत: वय १८ पूर्ण, वैध रहिवास परवाना, उत्पन्न मर्यादेच्या आत. २०२५ साली एकट्या माणसाला ही मर्यादा वर्षाला ३९,७१९ युरो होती आणि भत्ता महिन्याला जास्तीत जास्त १३१ युरो. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला १६ तासच (किंवा फक्त जून ते ऑगस्ट पूर्णवेळ) काम करता येतं, त्यामुळे मर्यादा ओलांडायची भीती नाही. लग्न झालं असेल तर जोडीदाराचं उत्पन्नही धरतात. हप्त्याचा बराचसा भाग असा भरून निघतो. वर्षातल्या उपचारखर्चाचे पहिले ३८५ युरो मात्र खिशातूनच जातात, फॅमिली डॉक्टरची भेट वगैरे काही गोष्टी त्यातून वगळलेल्या.

अर्ज डिजिडीने (सरकारी कामांसाठीचं ऑनलाइन ओळखखातं) लॉगिन करून ऑनलाइन होतो, दहा मिनिटांचं काम. पैसे अंदाजे उत्पन्नावर आगाऊ येतात आणि हिशेब नंतर होतो. नोकरी सुटली तेव्हा मी विमा आठवणीने बंद केला, भत्ता बंद करायचा विसरलो. दोन महिन्यांचे पैसे परत भरायला लावले.