कोरं रेझिन आधी तपास

डीटूईएचपीए (फॉस्फरस असलेला आम्लधर्मी एक्स्ट्रॅक्टंट, म्हणजे हवा तो पदार्थ ओढून घेणारं रसायन) चढवलेल्या रेझिनने फेनिलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल वेगळं करतो आहेस, विषय छान निवडलास. पण कामाला लागण्याआधी कोऱ्या एक्सएडी-४ वर, म्हणजे नुसत्या सच्छिद्र पॉलिस्टायरीन मण्यांच्या रेझिनवर, एक प्रयोग करच. काहीही चढवलेलं नसतानाही फेनिलअॅलॅनिनचं बेंझिन वलय त्या मण्यांना धरून बसतं. ते वजा केलं नाहीस, तर सगळं श्रेय फुकट एक्स्ट्रॅक्टंटला जाईल आणि व्हायवात पहिला प्रश्न हाच येईल.

रेझिन मिथेनॉलने धुऊन वाळव, हेक्झेनमधल्या डीटूईएचपीएत भिजव आणि हेक्झेन फ्यूम हूडमध्ये सावकाश उडव. नागपूरचा मे महिना चालू आहे. पारा ४५ च्या घरात असताना हेक्झेन भराभर उडतं आणि लेप काही मण्यांवर जाड, काहींवर पातळ बसतो. पुढचे प्रयोगही ठरावीक तापमानाच्या शेकरमध्येच कर.

खरी गंमत पीएचमध्ये आहे. फेनिलअॅलॅनिनचा समविद्युत बिंदू, म्हणजे त्याचा एकूण भार शून्य असतो तो पीएच, ५.५ च्या आसपास. त्याच्या बऱ्याच खाली गेलं की अमिनो आम्ल धनभारित होतं आणि डीटूईएचपीएच्या हायड्रोजनची जागा घेतं. फार आम्लधर्मी केलंस तर तोच हायड्रोजन आडवा येतो. सोडियमचं बफर शक्यतो टाळ, सोडियमही त्याच जागेसाठी भांडतं. पीएच ९ च्या वर काम करायचं असेल तर अॅलिक्वाट-३३६ घे; तो ऋणभारित रेणू धरणारा एक्स्ट्रॅक्टंट आहे आणि तिथे अमिनो आम्ल ऋणभारित असतं.

धरलेलं फेनिलअॅलॅनिन रेझिनवरून सोडवायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पुरतं. अल्कलीने मात्र धुऊ नकोस, एक्स्ट्रॅक्टंट सोडियम क्षार होऊन पाण्यात निसटतो. दर फेरीनंतर बाहेर आलेल्या पाण्यातलं फॉस्फरस मोज, म्हणजे डीटूईएचपीए किती निसटला ते कळेल.