ध्रुवीय समुद्र किती कार्बन डायऑक्साइड शोषतो, हे मोजतात कसं?

थेट मोजणं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा आकडा हिशोबानेच निघतो.

जहाज चालताना समुद्राचं पाणी सतत आत ओढून एका बंद भांड्यात फवारतात. भांड्यातली हवा आणि पाण्यातला वायू यांचा समतोल झाला की त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेड यंत्राने मोजतात. यातून पाण्यातल्या त्या वायूचा दाब कळतो. बाहेरच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचाही दाब घेतात. पाण्यातला दाब कमी असेल तर समुद्र वायू शोषतोय, जास्त असेल तर सोडतोय. पण किती वेगाने? ते वाऱ्यावर ठरतं, साधारण त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. खरी गोची इथेच आहे, कारण वाऱ्याच्या अंदाजातली छोटी चूकही मोठी होते.

थेट पद्धतीत डोलकाठीवरची यंत्रं हवेतले भोवरे आणि त्यांतला कार्बन डायऑक्साइड सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात. मात्र जहाजाचं हेलकावणं त्यातून वजा करावं लागतं, आणि यंत्रावर बर्फ साचला की संपलंच!

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात हिवाळ्यात जहाजं जवळपास जातच नाहीत. म्हणून तिथे सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते) मोजणारे स्वयंचलित तरंगक सोडले. २०१८ मध्ये त्यांच्या नोंदींवरून दिसलं, की हिवाळ्यात हा समुद्र अपेक्षेपेक्षा बराच जास्त वायू सोडतो. पण तरंगक दाब थेट मोजत नाहीत, तो सामूवरून काढावा लागतो. २०२१ मध्ये विमानातून घेतलेल्या नोंदींनी उलट भरपूर शोषण दाखवलं. माझा कल विमानाच्या बाजूने आहे, पण वाद अजून मिटलेला नाही.