रात्री उघडलेली फाइल

“मॅडम, मी ॲनिमेटर म्हणून चांगली आहे, लीड म्हणून नाही. राजीनामा देऊ, की परत जुन्या जागेवर घ्या म्हणून सांगू?”

कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती नीट बसलीही नव्हती तेव्हा हा प्रश्न आला. वय २९. पुण्यातल्याच एका ॲनिमेशन स्टुडिओत सहा वर्षं काम केलेलं आणि आठ महिन्यांपूर्वी सात जणांची टीम हातात आलेली. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हीच काळजी घेऊन डिझायनर येतात, संकलक येतात, नाटकवाली मुलं येतात. काम उत्तम म्हणून बढती मिळते. मग दिवसभर दुसऱ्यांचं काम बघायचं, तारखा सांभाळायच्या, क्लायंटशी बोलायचं, आणि यातलं काहीही कुणी शिकवलेलं नसतं.

पहिल्या भेटीत मी तिचा थकवाच धरून बसले. झोप, जेवणाच्या वेळा, सुट्टी यावरच बोललो. ते अपुरं होतं. दुसऱ्या भेटीला तिनं आठवड्याची नोंद आणली, तेव्हा खरी गोष्ट कळली. पाचपैकी चार रात्री, दहा ते एक: ‘शॉट दुरुस्ती’.

“कुणाचे शॉट?”

“टीमचे.”

त्यातला एक शॉट तिनं मला सविस्तर सांगितला. आठ सेकंदांचा. जमिनीवर बसलेली आजी गुडघ्यावर हात टेकून उठते. टीममधल्या सर्वांत नव्या मुलानं तो केला होता. आजी उठत होती, पण तिच्या अंगाला वजनच नव्हतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकूण १९२. हिनं रात्री घरून त्याची फाइल उघडली आणि पहाटेपर्यंत शॉट नव्यानं केला. सकाळी त्यानं पाहिला, “मस्त झालंय, ताई” म्हणाला आणि हेडफोन लावून बसला.

“पुढचा शॉट कसा आला त्याचा?”

ती जरा थांबली. “आणखी कच्चा. मला वाटलं, लक्ष देत नाही.”

मला तसं वाटलं नाही. आपलं काम रात्रीतून बदललं जाणार हे एकदा कळलं की माणूस त्यात जीव ओतायचं थांबतो. मग कच्चं काम येतं, लीड आणखी दुरुस्त करते, काम आणखी कच्चं होतं. हिला ते मदत वाटत होती. त्या मुलाला काय वाटत होतं, हे तिनं विचारलंच नव्हतं. मी हे बोलले तेव्हा तिचे डोळे भरून आले.

“पण मग वाईट काम जाऊ देऊ का?” हा तिचा प्रश्न रास्त होता. अजिबात जाऊ द्यायचं नाही. फक्त ते कधी बघायचं, ते बदलायचं. ॲनिमेशनमध्ये आधी ब्लॉकिंग होतं, म्हणजे मोजक्या मुख्य पोझ पक्क्या होतात. मग स्प्लाइन, म्हणजे त्या पोझ सलग हालचालीत जोडणं, आणि मग पॉलिश, म्हणजे बारकाव्यांवरचा शेवटचा हात. ब्लॉकिंगमध्ये पोझ चुकली तर ती बदलणं सोपं असतं, पॉलिश झाल्यावर मधलं सगळं उसवावं लागतं. ही शॉट बघत होती थेट शेवटी, कारण मुलांना मध्येच टोकणं तिला उद्धटपणाचं वाटे.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. शॉट ब्लॉकिंगलाच बघायचा, आणि बघताना टॅब्लेटचं पेन ड्रॉवरमध्ये ठेवायचं. ‘असं कर’ म्हणण्याऐवजी विचारायचं: उठताना आजीचा भार कुठल्या पायावर आहे? तिसऱ्याच दिवशी तिनं पेन काढलं. त्या रात्री मला मेसेज आला, “जमत नाही.” मी कळवलं, उद्या परत ड्रॉवरमध्ये ठेव.

तारखांचं दुखणं वेगळं होतं. शॉटला किती दिवस लागतील, हे ती स्वतःच्या वेगानं आणि सगळं सुरळीत होईल असं धरून सांगायची. माणसाचा असा अंदाज चुकतोच. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी याकडे १९७९ मध्येच लक्ष वेधलं होतं. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज होता साधारण ३४ दिवसांचा. सगळंच बिघडलं तर किती, याचा अंदाजही ४९ च्या आसपास होता. लागले सरासरी ५५ दिवस. उपाय साधा आहे: मनाला विचारायचं नाही, जुनी नोंद बघायची. मागच्या दहा शॉटना खरे किती दिवस लागले ते तिनं काढलं आणि त्यावरून पुढच्या तारखा दिल्या. क्लायंट फोनवर “थोडंसंच बदला” म्हणाला की फोन ठेवताच तो बदल आणि त्याचे जादा दिवस लिहून पाठवायला लागली.

तरी “मी मॅनेजर टाइप नाहीच” हे पालुपद चालूच होतं. एकदा बोलता बोलता तिनं कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडकाचा विषय काढला. महाराष्ट्रीय कलोपासकची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि पुण्यात कॉलेजला गेलेल्याला भरत नाट्य मंदिरातला तो “आवाज कुणाचा!” वेगळा सांगावा लागत नाही. ही बॅकस्टेजला होती. अंधारात कोण काय उचलणार, कुठल्या विंगेतून, याचा तक्ता तिनं विंगेच्या आतल्या बाजूला चिकटवला होता.

“तेव्हा लाइट्सवाल्याच्या हातातून बोर्ड घेतलास कधी?”

“छे! त्याचं काम त्याचं होतं.”

एवढं म्हणून ती बराच वेळ गप्प बसली. मीही बसले.

राजीनाम्याबद्दल माझं मत मी तिला दिलं होतं: लीडचं काम खरंच नको असेल, तर परत ॲनिमेटर होण्यात काहीही कमीपणा नाही. पण थकव्यात हा निर्णय घेऊ नकोस, तीन महिने थांब. आणि दर कामात एक शॉट स्वतःसाठी ठेव, ज्याच्यावाचून बाकीच्यांचं अडणार नाही असा. त्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

पाचव्या भेटीला ती मोबाइल घेऊनच आत आली. त्या मुलानं गावी जाऊन स्वतःच्या आजीचा उठतानाचा व्हिडिओ काढला होता. आजी आधी पदर सावरते, मग दाराच्या चौकटीला धरते, अर्ध्यात थांबते, श्वास घेते, मग उठते. नव्या शॉटमध्ये त्यानं ते अर्ध्यात थांबणं घेतलं होतं.

“हे मला सुचलं नसतं, मॅडम,” ती म्हणाली, आणि व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.